लोकलचं सिम्युलेशन आठ तुकड्यांत: कामाच्या नोंदी

१० जून २०२४, सोमवार

आजपासून वही सुरू. सरांची अट एकच: जे चाललं नाही तेही लिहायचं.

मुंबई लोकलची संगणकावर नक्कल करणाऱ्या आमच्या जुन्या सिम्युलेटरनं अखेर मान टाकली. चर्चगेट ते विरार आणि सीएसएमटी ते कल्याण, फक्त लोकल, एक पूर्ण दिवस. नुसत्या गाड्या होत्या तोवर ठीक होतं. मार्चमध्ये सरांनी प्रवासी घालायला सांगितले आणि तिथून बोंब झाली. गाडी फलाटाला लागली की चढणारे, उतरणारे, जिन्याकडे वळणारे, पुलावरून पलीकडच्या लाइनीला जाणारे, प्रत्येकाची वेगळी घटना. सगळ्या घटना एकाच रांगेत, वेळेप्रमाणे लावलेल्या. सगळ्यात आधीची उचलायची, करायची, तिच्यातून नव्या निघतील त्या परत रांगेत टाकायच्या. काल रात्री लावलेला रन आज सकाळी दहाला बघितला तर सिम्युलेशनमधल्या दुपारी दोनपर्यंत पोचून, मेमरी संपून मेलेला.

तर ठरलं, नकाशा कापायचा. पश्चिमेचे चार तुकडे: चर्चगेट–दादर, दादर–अंधेरी, अंधेरी–बोरिवली, बोरिवली–विरार. मध्यचे चार: सीएसएमटी–दादर, दादर–घाटकोपर, घाटकोपर–ठाणे, ठाणे–कल्याण. सीमेवरचं स्टेशन दक्षिणेकडच्या तुकड्याचं. लॅबमधली चार मशीन, प्रत्येकावर दोन प्रोसेस (स्वतंत्र चालणारे प्रोग्राम), दर तुकड्याला एक. आपसात बोलणं एमपीआयनं, म्हणजे प्रोसेसनी एकमेकींना निरोप पाठवायच्या मानकानं. हार्बर नंतर बघू.

ज्युनियरचा प्रश्न लिहून ठेवते, कारण तो सगळेच विचारतात. "ताई, चारही मशीनची घड्याळं एनटीपीनं जुळवली की झालं ना सिंक?" नाही झालं. भिंतीवरच्या घड्याळाचा इथं संबंधच नाही. बोरिवली–विरारचा तुकडा हलका, तो सिम्युलेशनमधल्या ९:१० ला पोचलेला असेल तेव्हा दादरचा अजून ८:०५ मध्ये घाम गाळत असेल. त्यात काही बिघडत नाही. बिघडतं ते ९:१० ला पोचलेल्याच्या हातात कुणी ८:४० ची चिठ्ठी (दुसऱ्या तुकड्यानं पाठवलेली घटना) ठेवली की. संगणकशास्त्रज्ञ लॅमपोर्टनं १९७८ साली हेच मांडलं होतं: वेगवेगळ्या मशीनवर काय आधी आणि काय नंतर, हे घड्याळ नाही ठरवत, कुणाचा निरोप कुणाला पोचला ते ठरवतं.

१८ जून, मंगळवार

मुद्दाम काहीही न जुळवता आठही प्रोसेस मोकाट सोडल्या. काय होतं ते डोळ्यांनी बघायचं होतं. पाच मिनिटांत लॉगमध्ये हे:

दादर-प, फलाट १: ०८:२१:०० गाडी सुटली
दादर-प, फलाट १: ०८:१९:४० पुलावरून ३१ जण आले

या ३१ जणांची गाडी त्यांच्या डोळ्यांदेखत नाही, ते जन्माला यायच्या आधीच सुटली. तेच इनपुट पुन्हा चालवलं तर ३१ जण वेळेत पोचले आणि दुसरीकडे १२ जण चुकले. दर वेळी नवा आकडा. चुकीचं उत्तर एकवेळ चालेल, निदान ते शोधता तरी येतं. रोज बदलणाऱ्या उत्तराचं काय करायचं?

२४ जून, सोमवार

जुन्या, सावध पद्धतीनं सुरुवात. चँडी आणि मिश्रा यांनी १९७९ मध्ये मांडलेली. ब्रायंटनं त्याआधी १९७७ मध्ये स्वतंत्रपणे तेच काढलं होतं. चँडी आयआयटी मद्रासचे, जयदेव मिश्रा आयआयटी कानपूरचे, हे ऐकून ज्युनियर एकदम सरसावून बसला.

नियम सोपा आहे. प्रत्येक शेजाऱ्याकडून येणाऱ्या चिठ्ठ्यांची वेगळी रांग, आणि शेजारी चिठ्ठ्या वेळेच्या क्रमानंच पाठवणार. सगळ्या रांगांच्या तोंडाशी असलेल्या चिठ्ठ्यांत जी सर्वांत लवकरची, ती बेधडक करायची. पण एखादी रांग रिकामी असेल तर थांबायचं, कारण तिथून आणखी लवकरची येऊ शकते.

आणि आठही थांबले. सिम्युलेशनमधल्या रात्री एक वाजून दहा मिनिटांनी. आमच्या वेळापत्रकात शेवटची गाडी तेव्हा संपते आणि पहिली चारला सुटते. पुलावर कुणी नाही, रुळांवर काही नाही, सगळ्या रांगा रिकाम्या. पश्चिमेचा तुकडा मध्यच्या चिठ्ठीची वाट बघतोय, मध्यचा पश्चिमेच्या. पहिले आप. सीपीयू शून्य टक्के.

यावर त्यांचा तोडगा म्हणजे रिकामी चिठ्ठी. त्यात घटना नसते, फक्त एक हमी असते: "या वेळेपर्यंत माझ्याकडून तुला काही येणार नाही." ही हमी कशाच्या जोरावर द्यायची? तर माझं घड्याळ १:१० आहे आणि माझ्याकडून तुझ्याकडे यायला कमीत कमी अमुक सेकंद लागतातच, म्हणून. त्या अमुक सेकंदांना लुकअहेड म्हणतात. सगळ्या कारखान्याचं तेल तेच.

२७ जून, गुरुवार

ज्युनियरनं पश्चिम आणि मध्य जोडणाऱ्या दादरच्या पुलासाठी लुकअहेड एक सेकंद टाकला. "काहीतरी टाकायचं म्हणून." रन चालला, अडकला नाही, पण रात्र संपेना. गणित केलं. पश्चिम म्हणते १:१०:०१ पर्यंत काही नाही, त्यावर मध्य म्हणते १:१०:०२ पर्यंत काही नाही, मग पुन्हा पश्चिम. एकेका चिठ्ठीला एकेक सेकंद. १:१० ते ४:०० म्हणजे १७० मिनिटं, म्हणजे पुलावर एकही माणूस नसताना १०,२०० चिठ्ठ्या. दोन बाया नळावर 'तू आधी भर, तू आधी भर' करत बसल्यासारखं.

मग त्यानं सरासरी घातली, चार मिनिटं. गर्दीच्या वेळी पूल ओलांडायला तेवढा वेळ लागतोच. लगेच आमचा तपास (हमी मोडली का ते बघणारी कोडमधली ओळ) उडाला: हमीच्या आधीच्या वेळेची चिठ्ठी आली. साहजिक आहे. सरासरी चार मिनिटं, पण गाडी समोर दिसत असलेला तरणा माणूस चार मिनिटं घेत नाही. सरासरीवर हमी देता येत नाही. सगळ्यात वेगवान माणसाला किती लागतात, तेच हवं.

शनिवारी दादरला जायचं ठरवलं.

३० जून, रविवार, बदलापूर

काल रात्री साडेअकरानंतर दादरचा पूल. पश्चिमेच्या फलाटावरून मध्यच्या सगळ्यात जवळच्या फलाटापर्यंत मी स्टॉपवॉच घेऊन चालले, मग ज्युनियर पळाला. पहिल्यांदा ५८ सेकंद, दुसऱ्यांदा ५१. तिसऱ्यांदा एका पोलिसानं "काय शर्यत लावली का?" विचारलं, त्यामुळे तिसरा आकडा नाही. आमच्यापेक्षा चपळ माणसं मुंबईत हजारो असतील, म्हणून मॉडेलमध्ये ४० सेकंद. त्याच रात्रीच्या चिठ्ठ्या आता १०,२०० ऐवजी २५५. कोडची एक ओळ बदलली नाही, फक्त पूल मोजला.

मुक्कामाला मामांकडे. मामा स्टेशन मास्तर म्हणून रिटायर झाले, सुरुवातीची वर्षं एकेरी मार्गावर काढलेली. जेवताना त्यांना हमीची भानगड सांगितली तर म्हणाले, "अगं, हा तर गोळा."

त्यांचा गोळा म्हणजे बॉल टोकन. एकेरी मार्गावर दोन स्टेशनांत एकेक यंत्र, तारेनं जोडलेलं. पलीकडच्या मास्तरनं लाइन क्लिअर दिल्याशिवाय अलीकडच्या यंत्रातून लोखंडी गोळा बाहेर पडत नाही. तो गोळा ड्रायव्हरच्या हातात पडला तरच गाडी पुढे. तो पलीकडच्या यंत्रात जाऊन पडेपर्यंत दुसरा गोळा कुठल्याच टोकाला निघणार नाही.

मी म्हटलं, "पण मामा, तुमच्याकडे गाडीच नसेल तर?"

"गाडी नसली तरी पलीकडचा गप्प का, ते कळायला हवं ना? गप्प म्हणजे मोकळं, असं धरलं तर एक दिवस नोकरी जाते. आम्ही रात्री गाडी नसतानाही फोन फिरवायचो. काही नाही, एवढंच ऐकायला."

रिकामी चिठ्ठी यापेक्षा नीट मला कुणी समजावलेली नाही.

३ जुलै, बुधवार

पूल सोपा होता. रूळ महागात पडतायत.

दादर–अंधेरी आणि अंधेरी–बोरिवली यांच्या सीमेवर दोन सिग्नलांमधला ब्लॉक कापला गेलाय. गाडी अलीकडून पलीकडे जाते, त्याला अडचण नाही. ब्लॉक आम्ही ४०० मीटरचा धरलाय, कमाल वेग ताशी ८० किलोमीटर, म्हणजे किमान १८ सेकंद हातात आहेत. पण बातमी उलटीही जाते. पुढच्या ब्लॉकमधून गाडीची शेपूट निघाली की मागचा सिग्नल ताबडतोब लालचा पिवळा होतो. त्यावरून त्याच्या मागचा बदलतो. ताबडतोब म्हणजे शून्य सेकंद. म्हणजे अंधेरी–बोरिवलीला दादर–अंधेरीला हमी द्यायची तर ती फक्त "आत्तापर्यंत काही नाही" एवढीच. ती तर त्यालाही माहीत आहे.

फेऱ्यात कुठे तरी लुकअहेड शून्याहून जास्त असावाच लागतो. दोन शेजाऱ्यांत जाऊन-येऊन शून्य झाला तर रिकाम्या चिठ्ठ्या त्याच वेळेवर घिरट्या घालत राहतात, वेळ पुढे सरकतच नाही. इथं निदान एका बाजूला १८ सेकंद आहेत म्हणून रन जिवंत आहे, पण रांगतोय.

आज दिवसभर फळ्यावर सिग्नल काढले. खडूनं हात पांढरे.

८ जुलै, सोमवार

पहाटे एक ते सात या सहा तासांत मुंबईत काही ठिकाणी ३०० मिलिमीटरच्या वर पाऊस. रुळांवर पाणी, लोकलचा बोजवारा. ज्युनियर म्हणाला, आता आपल्या हम्या खोट्या पडतील, पावसात कुठे ४० सेकंदांत पूल ओलांडता येतो?

उलट आहे. उशीर झाल्यानं हमी मोडत नाही. "४० सेकंदांच्या आत काही येणार नाही" म्हटलं आणि पाच मिनिटांनी आलं, तर शब्द पाळलाच गेला. हमी मोडतो तो फक्त अपेक्षेपेक्षा लवकर येणारा. म्हणून पाऊस, मेगाब्लॉक, बिघाड, काहीही मॉडेलमध्ये घाला, जुळणीला धक्का नाही.

१३ जुलै, शनिवार

उलट्या बातमीवर तोडगा सापडल्यासारखा वाटला आणि दुपारी मोडला. दोन्ही लिहिते.

सकाळचा विचार असा: १२ डब्यांची गाडी अंदाजे अडीचशे मीटर. ब्लॉक ४०० मीटरचा. गाडीचं तोंड ब्लॉकमध्ये शिरल्यापासून शेपूट बाहेर पडेपर्यंत ६५० मीटर, ताशी ८० किलोमीटरनं २९ सेकंद. म्हणजे 'ब्लॉक मोकळा' ही बातमी गाडी शिरल्यावर २९ सेकंदांच्या आत येऊच शकत नाही. झाला की लुकअहेड २९! शून्यावरून एकदम २९, मी खूश होऊन सगळ्यांना वडापाव आणला.

दुपारी अडीच वाजता तपास उडाला. हमी ०९:०४:४१ पर्यंतची, चिठ्ठी आली ०९:०४:२५ ची.

चूक माझीच. २९ सेकंद हे ब्लॉक रिकामा असताना खरं आहे. हमी द्यायच्या क्षणी गाडी ब्लॉकमध्ये अर्धी पुढे गेलेली असेल तर? सरसकट हमी हवी तर सगळ्यात वाईट क्षण धरायला हवा. शेपूट निघणार हे पक्कं कधी होतं? तोंडानं पुढचा सिग्नल ओलांडला की. त्याच्या आधी पुढचा लाल मिळाला तर गाडी तिथंच उभी, शेपूट ब्लॉकमध्येच. तोंड पुढे गेलं की शेपूट अडीचशे मीटर मागे, म्हणजे ११ सेकंद. हे ११ मात्र खरे. तोंड सिग्नल ओलांडतं त्याच क्षणी 'शेपूट अमुक वाजता निघेल' ही चिठ्ठी पाठवून मोकळं व्हायचं.

२९ गेले, ११ हातात राहिले. वडापाव परत मिळत नाहीत.

संध्याकाळी मामांना फोनवर सांगितलं. ते क्षणभर गप्प. मग, "आणि मधे एखादं सुटं इंजिन आलं तर?" सुटं इंजिन वीस मीटरचं, त्याला सेकंदही पुरा लागणार नाही. आमच्या मॉडेलमध्ये फक्त लोकल आहेत, असं सांगून वेळ मारून नेली. पण कोडमध्ये आता ओळ आहे: अडीचशे मीटरपेक्षा छोटी गाडी आली तर रन सुरूच होणार नाही.

२२ जुलै, सोमवार

रिकाम्या चिठ्ठ्यांचा कंटाळा आला. आठ तुकडे, प्रत्येकाला एक-दोन शेजारी, ११ सेकंदांचा लुकअहेड. नेटवर्कवरून जाणाऱ्या चिठ्ठ्यांत निम्म्याहून जास्त रिकाम्या.

म्हणून दुसरी सावध पद्धत: खिडकी. प्रत्येक फेरीला सगळे मिळून विचारतात, आपल्यापैकी कुणाकडून दुसऱ्याला लवकरात लवकर कितीची चिठ्ठी जाऊ शकते? आठ आकड्यांतला सर्वांत लहान आकडा एमपीआयच्या एका सामूहिक कॉलमध्ये सगळ्यांना कळतो. त्या वेळेच्या आतल्या घटना प्रत्येकानं डोळे झाकून कराव्यात, मग पुन्हा विचारावं. एनएस-३ या नेटवर्क सिम्युलेटरमध्ये दोन्ही पद्धती आहेत, रिकाम्या चिठ्ठ्याही आणि खिडकीही. त्याचा कोड वाचून बरंच शिकले.

खिडकीचा मोठा फायदा रात्री दिसतो. इथं घड्याळ कुठे पोचलं हे कुणी विचारत नाही, पुढची घटना कधी हे विचारतात. १:१० ला सगळे म्हणतात "माझी पुढची घटना चारला". एका फेरीत १७० मिनिटं पार.

मेख वाटेतल्या चिठ्ठ्यांची. मी माझा आकडा सांगितला, तेव्हा माझ्या नावाची एक चिठ्ठी अजून तारेत होती. ती माझ्या आकड्यात नाही, पाठवणाऱ्याच्याही नाही. म्हणून प्रत्येकानं आजवर किती पाठवल्या आणि किती मिळाल्या तेही सांगायचं. दोन्ही बेरजा जुळल्या तरच तो लहान आकडा खरा, नाहीतर तारेतलं उतरून घेऊन परत विचारायचं. हे विसरून दीड दिवस घालवला; पंधरा-वीस रनांत एकदाच चुकायचं, म्हणून सापडेना.

२५ जुलै, गुरुवार

पुण्यात पूर. सिंहगड रोडला सोसायट्यांत पाणी. लॅब बंद, काम नाही.

१ ऑगस्ट, गुरुवार

खिडकी ११ सेकंदांची म्हणजे गाड्या चालू असलेल्या २१ तास १० मिनिटांत, ७६,२०० सेकंदांत, सुमारे ६,९०० फेऱ्या. आणि प्रत्येक फेरीला सगळ्यांत हळू तुकड्यासाठी बाकीचे सात ताटकळत.

आज सुधारलं. सरसकट ११ म्हणायचं नाही. दर फेरीला प्रत्येक तुकड्यानं आपल्या सीमेच्या सगळ्यात जवळची गाडी बघायची आणि ती कमाल वेगानं निघाली तरी सीमेपर्यंत कधी पोचेल, ते सांगायचं. गाडी तीन स्टेशनं दूर असेल तर खिडकी मिनिटामिनिटांची. गाडी सीमेवरच असेल तेव्हाच ११. १३ जुलैला ज्या विचारानं मला तोंडघशी पाडलं तोच इथं उपयोगी पडला: २९ खोटे नव्हते, ते कधी खरे आहेत हे आधी बघायला हवं होतं.

आणि सीमा हलवली. कापायची जागा लॅपटॉपवर बसून सारख्या स्टेशनसंख्येनं ठरवली होती, शाळेत वाटण्या करतात तशी. आता जिथं दोन्ही बाजूंना गाड्यांना वेळ लागतो तिथं कापतोय. वसई खाडीवरच्या लांब अंतराला नायगाव–भाईंदरच्या मध्ये कापलं तर बोरिवलीपेक्षा बरं. तुकडे असमान झाले, चालेल.

१० ऑगस्ट, शनिवार

सर म्हणाले, सावधपणाच कशाला? जेफरसनची टाइम वॉर्प करून बघा. १९८५ चा पेपर. कल्पना धीट आहे: कुणाचीही वाट बघू नका. पुढे पळा. मागच्या वेळेची चिठ्ठी आलीच तर तिथपर्यंत माघारी जा, केलेलं पुसा, आणि मधल्या काळात ज्यांना चिठ्ठ्या पाठवल्या त्यांना त्याच चिठ्ठ्यांच्या प्रतिचिठ्ठ्या पाठवा. चिठ्ठी आणि प्रतिचिठ्ठी भेटल्या की दोघी नाहीशा. ज्यानं ती आधीच वापरली असेल तोही माघारी जाणार, त्याच्या प्रतिचिठ्ठ्या, आणि असंच पुढे. सगळ्यांत मागे राहिलेल्याच्या आणि तारेतल्या चिठ्ठ्यांच्या मागे मात्र कुणी कधीच जाऊ शकत नाही. त्या वेळेला जीव्हीटी म्हणतात, आणि तिच्या मागचा साठवलेला इतिहास टाकून द्यायला हरकत नसते.

हे कागदावरचं नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स लिव्हरमोरच्या सिक्वोया या महासंगणकावर १९,६६,०८० कोअरवर टाइम वॉर्प चालवली, सेकंदाला ५०४ अब्ज घटना. स्वतः जेफरसन त्या चमूत होता. अर्थात ती पीहोल्ड नावाची चाचणी होती, चिठ्ठ्या इकडून तिकडे फेकायची; तिथं दादरचा जिना नव्हता.

ते माघारी जायला जुनी स्थिती साठवत नाहीत, उलटी चालवतात. ४२ चढले असतील तर ४२ उतरवायचे. बेरीज उलटते. रँडम आकडेही उलटे फिरवता येतात. पण 'फलाट रिकामा केला' हे उलटत नाही. रिकामा करण्याआधी किती होते ते कुठे तरी लिहूनच ठेवावं लागतं.

१४ ऑगस्ट, बुधवार

टाइम वॉर्पचे चार दिवस. आज बंद केली. कारणं दोन.

एक, लॉगमध्ये "०८:२१ गाडी सुटली" तीन वेळा. दोनदा माघारी गेलो, पण छापलेलं परत घेता येत नाही. छापणं जीव्हीटी पुढे सरकेपर्यंत रोखून धरायला हवं होतं. हे तरी दुरुस्त होतं.

दुसरं कठीण. धावत्या तुकड्यानं उतरणारे आधी केले आणि चढणाऱ्यांची चिठ्ठी मागाहून येणार होती. डब्यात उणे सात माणसं. ही स्थिती खरी नाही, थोड्याच वेळात पुसली गेली असती. पण तोवर आमच्या कोडनं उणे सातनं यादीत हात घातला आणि प्रोसेस कोसळली. जे कधी घडणारच नाही तेही घडल्यासारखं धरून प्रत्येक फंक्शन लिहायला हवं. ज्यांचा लुकअहेड खरोखर शून्याजवळ आहे त्यांना हे करावंच लागेल. आम्हाला पूल आहे, गाडीची लांबी आहे. आम्ही सावधच बरे.

सरांना पटलं नाही पूर्ण. "पुढच्या बॅचला देऊ," म्हणाले.

२१ ऑगस्ट, बुधवार

हा आठवडा सगळ्यात जास्त शिकवून गेला.

चार प्रोसेसवरचा निकाल आणि आठवरचा निकाल जुळेना. हमी एकही मोडलेली नव्हती. लॉगच्या दोन फाइली शेजारी ठेवून ज्युनियरनं पहिला फरक शोधला:

०८:४७:०० गाडी सुटली / ०८:४७:०० प्रवासी आला
०८:४७:०० प्रवासी आला / ०८:४७:०० गाडी सुटली

एकच वेळ. आधी कोण? कारण-परिणामाच्या नियमाला दोन्ही क्रम चालतात, म्हणून तपास गप्प. प्रत्यक्षात ज्याची चिठ्ठी नेटवर्कवरून आधी आली तो आधी. म्हणजे प्रवाशाला गाडी मिळाली की नाही हे लॅबमधला नेटवर्क स्विच ठरवत होता.

आता प्रत्येक घटनेला वेळेशिवाय घटनेचा प्रकार, जिथून निघाली त्या फलाटाचा क्रमांक आणि तिथला अनुक्रम. वेळ सारखी असेल तर या क्रमानं. मुंबईकर म्हणून आम्ही प्रवाशाला गाडीच्या आधी ठेवलं. दार सोडायच्या आत चढतोच माणूस.

तरी जुळेना! गंमत अशी की आमची स्टेशनांची यादी जुनी. तिच्यात दादरला दोन फलाट क्रमांक १, एक पश्चिमेचा, एक मध्यचा. दोन वेगळ्या फलाटांच्या घटना सारख्याच ओळखीच्या. रेल्वेनं डिसेंबर २०२३ मध्येच दादरला सलग क्रमांक दिलेत, पश्चिमेचे १ ते ७ आणि मध्यचे ८ ते १४. प्रवाशांचा गोंधळ टाळायला केलं असेल, आमचाही टळला.

शिवाय दोन किडे त्याच फटक्यात. वेळ दशांशात ठेवली होती. तेच आकडे वेगळ्या क्रमानं बेरजेत आले की शेवटच्या घरात फरक पडतो आणि 'सारखी वेळ' सारखी राहत नाही. आता मिलिसेकंदांत पूर्णांक. आणि रँडम आकड्यांचा झरा दर प्रोसेसला एक होता. आठच्या चार प्रोसेस केल्या की कुठल्या फलाटाला कुठला आकडा मिळेल ते बदलायचं. आता दर फलाटाचा स्वतःचा झरा.

४ सप्टेंबर, बुधवार

१, २, ४ आणि ८ प्रोसेस. चारही रनांचे लॉग क्रमानं लावून त्यांचा हॅश, म्हणजे मजकुराचा छोटा ठसा, काढला. चारही एकच. ज्युनियरनं तो हॅश फळ्यावर लिहिला आणि खाली 'पुसू नये'.

वेग आठ पट नाही, तिपटीच्या आतबाहेर. दादरचे दोन तुकडे अजून जड आहेत. पण दुपारी जेवायला जाताना लावलेला रन चहाच्या वेळेला हातात येतो.

शनिवारी गणपती. वही बंद, अनंत चतुर्दशीनंतर पुढे.

२० सप्टेंबर, शुक्रवार

सरांना आता बसही हवी: दादरच्या बाहेर बेस्टच्या थांब्यावरची गर्दी, तीही दुसऱ्या गटाच्या तयार सिम्युलेटरमधून. वेगवेगळे सिम्युलेटर जोडायला एचएलए नावाचं मानक आहेच, लष्करी सरावांतून आलेलं, २००० पासून आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचं मानक क्रमांक १५१६. त्याची कागदपत्रं वाचली. तिथंही ज्याच्या वेळेवर इतरांना थांबावं लागतं त्याला हेच सांगावं लागतं: तुझा लुकअहेड किती? बसवाल्या गटाला मेल केला. उत्तर आलं, "म्हणजे काय?"

त्याआधी हार्बर. ती कुर्ल्याला मध्यच्या तुकड्याला चिकटते आणि तिथला पूल दादरपेक्षा आखूड दिसतो. मामा म्हणाले, कुर्ल्याला शेवटची गाडी पकडणाऱ्यांना धावताना बघ, तुझे ४० सेकंद विसर. उद्या रात्री जाणार. माझा गुडघा दुखतोय, या वेळीही ज्युनियरच पळेल आणि मी नुसतं बटण दाबेन.